एका बाजूनं झिजलेली डिस्क: लातूर ते किनवट, एकट्यानं

रविवारी सकाळी बायकोचा, सुनंदाचा, पुण्याहून फोन आला, की संक्रांतीलाही येणं जमणार नाही. जुळ्यांपैकी धाकट्याला सर्दी आहे, मुलीची रजा संपलीय, जावई फिरतीवर. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर चहा गरम करायला गेलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दारातली पिकअप दिसली. तिच्या बोनेटवर कडुनिंबाचा पाला साचला होता. बुधवारी निघायचं, असं मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं.

आधी गाडीबद्दल. डबल कॅबिन पिकअप आहे, मागं उघडा हौदा. मी लातुरात एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होतो. निवृत्तीच्या पैशातून ही गाडी घेतली तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, या वयात टेम्पो कशाला. तर बेत असा होता, की हौद्यावर ताडपत्री बांधायची, मागं गादी नि गॅसची छोटी शेगडी टाकायची आणि दोघांनी हिंडायचं. सुरुवातीला तुळजापूर झालं, औंढा झालं, मग मुलीला जुळी झाली. सुनंदा तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली, त्याला आता वर्ष उलटून गेलंय. गाडी दारातच होती. किराणा आणायला स्कूटर पुरते.

बुधवारी सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, चहा घेऊन निघालो. तुम्हाला याच वाटेनं जायचं असेल तर लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा सरळ रस्ता आहे. रस्ता उत्तम आहे, वाटेत टोल लागतात, फास्टॅग भरलेला ठेवा. सावकाश गेलात तरी तीन तासांत पोचता. डिसेंबरात दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात आणि मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे. तीस वर्षं मी तूर पोत्यातून बघितली, नाहीतर जाळीवरून घरंगळताना. झाडावर असताना ती एवढी डुलते हे विसरलोच होतो. हे मोठ्यानं म्हणालोही. मग शेजारची सीट मोकळी आहे हे लक्षात आलं, आणि रेडिओ लावला.

अहमदपूर सोडल्यावर एका उतारावर पुढचा ट्रक हळू झाला म्हणून ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातात थरथरलं आणि पायाखाली पेडल धडधडल्यासारखं झालं. नव्या गाडीला असं होऊ नये. पाच हजार किलोमीटरसुद्धा पुरी झाली नव्हती. पुन्हा मुद्दाम दाबून बघितलं. हळू वेगात काही नाही, वेग वाढला की थरथर. म्हटलं, टायरचं काहीतरी असेल, उभं राहून एका जागी दबले असतील.

नांदेडात शिरल्या शिरल्या एका टायरवाल्याकडं चाकं बॅलन्स करून घेतली. त्यानं चाकांना शिशाची वजनं लावली आणि म्हणाला, "काका, आता मक्खन चालंल." शहरात गाडीला वेग कुठून मिळणार, त्यामुळं मलाही ती मक्खन वाटली.

दुपारी विष्णुपुरीच्या धरणावर गेलो. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं दुचाकीवरून तिथं येतात, घोळका करून फोटो काढतात. पाणी भरपूर होतं, वारा गार. मी सुनंदाला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "कुठं आहात? मागं काय दिसतंय?" मी फोन फिरवून गोदावरी दाखवली, दरवाजे दाखवले, पलीकडचा काठ दाखवला. परत फोन स्वतःकडं वळवला तर पडद्यावर छताचा पंखा होता. फोन बाळाच्या हातात गेला होता. थोडा वेळ मी पंख्याकडं बघत राहिलो, मग बंद केला.

मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर केला. स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळून जाते. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात गेलो. डोक्याला रुमाल बांधून लंगरच्या पंगतीत बसलो. एकट्यानं प्रवास करणाऱ्याला जेवायला याहून बरी जागा नाही, कारण तिथं तुम्हाला कोणी "किती जण?" असं विचारत नाही. शेजारी पंजाबातून आलेलं कुटुंब होतं. त्यांच्यातल्या आजींनी माझं ताट रिकामं दिसल्यावर वाढणाऱ्याला हाक मारली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. पोळी दोन्ही हातांत घ्यायची असते, हेही त्यांनीच खुणेनं सांगितलं.

गुरुवारी सकाळी भोकर, हिमायतनगर करत किनवटच्या रस्त्याला लागलो. भोकर मागं पडलं की शेतं उतरणीला लागतात, तुरीच्या जागी कापूस येतो आणि मग हळूहळू साग सुरू होतो. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे, काही ठिकाणी काम चालू आहे. पेट्रोल-डिझेल भोकरलाच भरून घ्या.

इस्लापूरजवळचं सहस्रकुंड बघायचं खरं तर सुनंदाच्या मनात होतं. शाळेत असताना तिची सहल हुकली होती, गोवर निघाला होता म्हणून. डिसेंबरात पैनगंगेला पाणी बेताचं असतं. काळ्या खडकांच्या मधून दोन-तीन धारा तेवढ्या पडत होत्या, पण आवाज घुमत होता. धबधबा जोरात बघायचा असेल तर पावसाळ्यात या, शांतपणे बसायचं असेल तर आत्ता. मी खडकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. तिला फोटो पाठवला. "छान," असं उत्तर आलं.

इस्लापूरच्या स्टँडजवळ एक बाई हात करत होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायाशी दोन मोठे गठ्ठे. मी थांबलो.

"भाऊ, किनवटला चाललात का? एसटी आलीच न्हाई. पोरींचे स्वेटर हायेत, हौद्यात टाकले तर चालतंय का?"

या वाघमारे मॅडम. किनवटजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत वसतिगृहाच्या अधीक्षिका. स्वेटर नांदेडहून ट्रान्सपोर्टनं यायचे होते, पण ट्रान्सपोर्टवाल्यानं गठ्ठे इस्लापूरलाच उतरवून दिले, म्हणून त्या स्वतः घ्यायला आल्या होत्या. रात्री थंडी फार पडते आणि लहान मुली दोघी-दोघी एका पांघरुणात झोपतात, म्हणाल्या. मला बरं वाटलं. गाडीत माणसाचा आवाज होता.

पुढं एक उतार आहे, वळण घेऊन खाली जातो. वळणावर रस्त्यातच कापसाचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीवरची जाळी सुटली होती आणि दोघं-तिघं रस्त्यावर उतरून ती बांधत होते. मी ब्रेक दाबला. गाडी थरथरली आणि सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडं ओढली गेली. मी स्टिअरिंग उजवीकडं धरून ठेवलं होतं, तरी ती डावीकडंच गेली, रस्ता सोडून चरात उतरली आणि एका सागाला टेकून थांबली.

मॅडमचं कपाळ समोर आपटलं होतं. त्यांनी पदर लावून धरला.

"मॅडम..."

"हाय मी. तुम्हाला लागलं का?"

ट्रॅक्टरवाले धावत आले. त्यातला एक जण माझ्याकडं आणि काही क्षणांपूर्वी ट्रॉलीच्या मागं वाकून गाठ मारणाऱ्या माणसाकडं आळीपाळीनं बघत होता. गाडी सरळ गेली असती तर तो माणूस मध्ये होता. त्यालाही ते कळलं होतं. तो चराच्या काठावर बसला आणि त्यानं तंबाखू काढली.

त्यांनीच दोर लावून ट्रॅक्टरनं गाडी वर ओढली. बंपर दबला होता, बाकी काही नाही. तिथून किनवटपर्यंत मी बैलगाडीच्या चालीनं गेलो. मॅडमना आधी दवाखान्यात नेलं. टाके पडले नाहीत, पट्टी बांधून सोडलं. मी दहादा माफी मागितल्यावर त्या म्हणाल्या, "आता गाडी दाखवा कुणाला तरी. माझं कपाळ बघून काय होणार?"

त्यांनी सांगितलेल्या गॅरेजवर गेलो. गॅरेज शंकरचं. मूळचा आदिलाबादकडचा, मराठी नि तेलुगू एका वाक्यात बोलणारा. त्यानं पुढची दोन्ही चाकं उतरवली. डावीकडची ब्रेकची डिस्क आरशासारखी होती. ड्रायव्हरच्या बाजूची मात्र बाहेरून बरी आणि आतून खाल्लेली. मी अंगठा फिरवून बघितला. गोलाई फिरवताना एका जागी खोलगट लागायचं, पुढं उंचवटा, पुन्हा खोलगट. मिलमध्ये डाळ सोलणारा एमरीचा खरखरीत रोल असा एका अंगानं झिजला की डाळ अर्धी सोलून यायची आणि अर्धी तशीच. झीज कशी दिसते ते मला शिकवायला नको होतं. इथं ती कशी झाली, तेवढंच कळत नव्हतं.

शंकरनं ब्रेकचा जबडा हलवायचा प्रयत्न केला. तो ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. म्हणजे आतलं पॅड एकटंच दाबत होतं, बाहेरचं नुसतं टेकून.

"लई दिवस उभी होती काय, अन्ना?"

"हो."

"पावसात?"

मी आठवून बघितलं. गाडीची डावी बाजू आमच्या भिंतीला लागून असते, आडोशाला. उजवी गल्लीकडं, उघड्यावर. पूर्ण पावसाळा ती बाजू भिजली होती. पॅड जिथं टेकलं होतं तिथं गंज धरला आणि मग मी ती एकदम पळवायला घेतली. असं हे साधं कारण. वर्षभर आठवड्यातून एकदा जवळच्या औशापर्यंत जाऊन आलो असतो तरी काही झालं नसतं.

डिस्क किनवटला मिळण्यासारखी नव्हती. शंकरनं फोन फिरवले. नांदेडात जोडी होती. बदलायची तर दोन्ही बाजूंची बदला, म्हणाला. शोरूमला मी स्वतः फोन केला. ब्रेकची डिस्क झिजणाऱ्या भागांत येते, वॉरंटीत बसत नाही, असं तिकडून गोड आवाजात सांगितलं गेलं. नव्या गाडीवाल्यांनी हे कागदावर आधीच वाचून ठेवावं.

मॅडमनी लॉजचं नाव दिलं होतं. "वसतिगृहात पुरुषांना गेटाच्या आत घेत न्हाईत, न्हाईतर तिकडंच सोय केली असती. डबा पाठवते." डबा आला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, भात. मी खोलीतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर वर्तमानपत्र पसरून जेवलो. सुनंदाचा फोन आला. "सगळं ठीक?" मी म्हणालो, "सगळं ठीक."

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला. किनवट ते नांदेड हा रेल्वेचा प्रवास कुणी प्रवासवर्णनात लिहीत नाही, पण जरूर करा. रूळ सागाच्या जंगलातून जातात, पानगळ सुरू झालेली असते आणि गाडी गेली की मागं पानं उडत राहतात. सहस्रकुंड नावाचं स्टेशनही लागतं. तिकीट नाममात्र.

सामान घेतलं. दोन डिस्क, पॅड, पिना. दुकानदारानं सगळं पोत्यात बांधून दिलं. परतीच्या गाडीला अजून वेळ होता. प्लॅटफॉर्मच्या बाकावर पोतं शेजारी ठेवून बसलो आणि सुनंदाला फोन लावला. का कोण जाणे, या वेळी सांगून टाकलं. चर, ट्रॅक्टर, तो माणूस, मॅडमचं कपाळ.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काल मी विचारलं तेव्हा ठीक म्हणालात."

"तुला कशाला काळजी."

"अहो, काळजीचं नाही. तुम्ही मला काही सांगतच नाही. मी इथं यायच्या आधीपासून."

मी पोत्याची गाठ चाचपत राहिलो.

"एक सांगू? रागावू नका. बाळांमुळं येत नाही असं मी म्हणते, ते अर्धंच खरं आहे. मार्चपासून बाई मिळणार आहे त्यांना सांभाळायला. तरी मी लगेच येईन असं वाटत नाही. इथं मला दिवसभर कुणीतरी हाक मारतं. तिथं तुम्ही मिलमधून यायचात, जेवायचात, टीव्ही लावायचात. निवृत्त झाल्यावर सकाळपासून लावायला लागलात. मी भांडत नाहीये. एवढी वर्षं नाही बोलले, आज तुम्ही बोललात म्हणून बोलतेय."

गाडीची सूचना सुरू झाली. मी म्हणालो, "गाडी आली." खरं तर ती दुसऱ्या प्लॅटफॉर्मची होती.

परतीच्या गाडीत गर्दी होती. पोतं मांडीवर घेऊन बसलो. समोर एक म्हातारे गृहस्थ, धोतर, डोक्याला मफलर. मुदखेड गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय हाय पोत्यात?"

"गाडीच्या ब्रेकचं सामान."

"जड दिसतंय."

"आहे."

"मंग खाली ठेवा की. मांडीवर घिऊन काय करून राहिले?"

मी पोतं खाली ठेवलं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून बोरं काढून माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. भोकरपर्यंत आम्ही दोघंही बोरं खात राहिलो. सुनंदाची वाक्यं मी पुन्हा पुन्हा ऐकत होतो. चूक शोधत होतो त्यात, सापडत नव्हती. घरात मी होतो, ती होती, जेवताना मीठ पुढं-मागं सरकत होतं. मला वाटायचं, हाच संसार, बरा चाललाय.

किनवटला उतरून पोतं शंकरकडं टाकलं आणि डबा परत द्यायला वसतिगृहाच्या गेटवर गेलो. ऊन कलत होतं. आत मैदानात मुली नव्या स्वेटरमध्ये खो-खो खेळत होत्या, सगळ्यांचा एकच रंग, वांगी. मॅडम गेटापर्यंत आल्या. कपाळावर पट्टी होती. वॉचमननं दोन खुर्च्या बाहेर टाकल्या.

बोलता बोलता कळलं, त्यांचे मिस्टर हिंगोलीला बँकेत. मुलगा हैदराबादला. महिन्या-दोन महिन्यांनी भेट होते.

मी विचारलं, "सवय होते का?"

"न्हाई होत. झाली असं सांगतो आपण लोकांना."

"मग कसं करता?"

"रोज संध्याकाळी फोन लावते. पोरींनी काय खाल्लं, कोण घरच्या आठवणीनं रडलं, मोटार जळाली का, सगळं सांगते. त्यांना त्यात काय गोडी असंल देव जाणे. आधी हां-हूं करायचे. आता तेच विचारतात, ती रडत होती ती पोरगी जेवली का म्हणून." त्या थोड्या हसल्या. "काल तुमचंबी सांगितलं. म्हणाले, त्या माणसाला घरी फोन करायला सांग."

मी गेटाच्या गजांकडं बघत "केला" म्हणालो.

शनिवारी दुपारपर्यंत शंकरनं काम संपवलं. नव्या डिस्क, नवे पॅड, पिनांना ग्रीस. मी गाडी उतारावर नेऊन ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी सरळ थांबली. शंकर म्हणाला, "पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर हळू दाबा, अन्ना, बसू द्या त्यांना." नांदेडला थांबलो नाही. तो ट्रॅक्टरचा उतार आला तेव्हा गाडी बाजूला घेतली. सागाच्या सालीवर बंपरचा ओरखडा होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. लोह्याला चहा घेतला आणि रात्री आठच्या सुमारास लातुरात पोचलो. क्लासेस सुटले होते, पाठीवर सॅक घेतलेल्या मुलांनी रस्ते भरले होते.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल, तर डिसेंबर-जानेवारी चांगला. तीन दिवस पुरतात, मला चार लागले. किनवटला राहण्याची सोय साधी आहे, जेवण घरगुती मिळतं. आणि गाडी पावसाळाभर उभी असेल, मग ती कितीही नवी असो, निघण्याआधी चाकं उतरवून ब्रेक बघून घ्या. टायरवाल्यावर विसंबू नका, मी विसंबलो होतो. रस्त्यावर वाकलेला तो माणूस अजूनही मला झोपेआधी दिसतो.

घरी कुलूप काढलं. भात टाकला. टीव्हीचा रिमोट नेहमीच्या जागी होता. मी फोन उचलला.

"पोचलात?" सुनंदानं विचारलं.

"पोचलो. वेळ आहे का तुला?"

"बाळं आत्ता खेळतायत. का?"

मला सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी रेल्वेपासून केली. सागाची उडणारी पानं सांगितली, पोतं मांडीवर घेऊन बसलो ते सांगितलं, बोरं सांगितली. वांगी रंगाचे स्वेटर सांगितले. वाक्यं जुळत नव्हती, मागचं पुढं होत होतं. सहस्रकुंडाचा आवाज कसा येतो ते सांगायला गेलो आणि जमलं नाही, तेव्हा ती तिकडं हसल्यासारखी वाटली. मग विषय संपले. पूर्वी अशा वेळी मी "बरं, ठेवतो" म्हणायचो. या वेळी म्हणालो नाही. तीही म्हणाली नाही. तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी खुळखुळा आपटत होतं. माझ्याकडं भात रटरटत होता. ती कधी येईल हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मग?"

"मग काय?"

"मग त्या मॅडमच्या कपाळाचं काय झालं?"

मी गॅस बारीक केला आणि पाटावर बसून सांगायला लागलो.